कोरे, पण जुने: न वापरलेले आउटबोर्ड इंजिन विकत घेताना

खान्देशात होडीचे इंजिन विकत घेण्याची वेळ फार थोड्यांवर येते आणि ज्यांच्यावर येते त्यांना सल्ला विचारायला जवळपास कोणी सापडत नाही. कोकणात कोणत्याही बंदरावर उभे राहिले तरी जाणते लोक भेटतात. इकडे हतनूरच्या जलाशयात, सारंगखेडा किंवा प्रकाशा बॅरेजच्या मागे साठलेल्या तापीत, गिरणा धरणात किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांमध्ये शिरलेल्या सरदार सरोवराच्या पाण्यात होडी चालवणाऱ्या माणसाला इंजिनाचे ज्ञान ऐकीव गोष्टींतूनच गोळा करावे लागते. अशा माणसासमोर कधीतरी एक मोहात पाडणारा सौदा येतो: पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेले, पण खोक्यातून बाहेरही न काढलेले आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, नव्याच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "कोरी मशीन शे भाऊ, अजून पानी बी देखेल नही." तो खोटे बोलत असेलच असे नाही. मात्र इंजिन वापरले गेले नाही याचा अर्थ त्याचे वय वाढले नाही असा होत नाही, आणि हा लेख त्या वाढलेल्या वयाबद्दलच आहे.

अशी इंजिने बाजारात येण्याची कारणे साधी असतात. पुराच्या वेळी कामी येईल म्हणून कोणा संस्थेने घेतलेले इंजिन पूर न आल्याने गोदामात राहते आणि पुढे लिलावात निघते. धरणावर नौकाविहार सुरू करण्याचा कोणाचा बेत फसतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या विक्रेत्याकडे जुना माल पडून असतो. इंजिन कुठे पडून होते हे विचारणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोकणातील खाऱ्या, दमट हवेत पडलेल्या इंजिनाचे रबर बऱ्यापैकी टिकलेले असते, पण बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंज चढलेला असण्याची भीती असते. भुसावळ-जळगावकडच्या पत्र्याच्या गोदामात, जिथे मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तिथे पडलेल्या इंजिनाचे उलटे होते: कोरड्या हवेमुळे धातू चांगला राहतो, पण रबर कडक होऊन तडकते आणि ग्रीस वाळून मेणासारखे होते. रबर बदलता येते, गंजलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, बदलणे परवडत नाही. म्हणून दोन्ही इंजिने समोर असतील तर मी आपल्या भागातल्या कोरड्या गोदामातलेच निवडेन.

पहिली पायरी: इंजिन पाहण्याआधी होडी मोजावी

स्वस्त इंजिन दिसले की लोक आधी ते घेतात आणि नंतर ते होडीला बसते का ते पाहतात. होडीच्या मागच्या उभ्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, इंजिन अडकवले जाते. त्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतची उभी उंची मोजावी. इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याला शाफ्ट म्हणतात. लहान शाफ्टचे इंजिन सुमारे १५ इंच उंचीच्या ट्रान्समसाठी असते आणि लांब शाफ्टचे सुमारे २० इंच उंचीसाठी. पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या अगदी वर एक आडवी चपटी पट्टी असते. इंजिन बसवल्यावर ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्या इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसते किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. लांब पडला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ पाण्यात पंखा आधी तळाला लागतो. उन्हाळ्यात आपली जलाशये आटू लागली की बुडालेल्या झाडांचे खुंट पृष्ठभागाजवळ येतात, तेव्हा हे दोन-चार इंच फार महाग पडतात.

शक्तीच्या बाबतीत हाव धरू नये. पंधरा-अठरा फुटांच्या मासेमारीच्या होडीला ८ ते १५ अश्वशक्तीचे इंजिन पुरते. माणसे आणि सामान वाहणाऱ्या जड बोटींना डिझेल इंजिनच योग्य; त्यांच्यासाठी हा लेख नाही. वजनही लक्षात घ्यावे. १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारे) इंजिन साधारण ३६ ते ४० किलोचे असते, त्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक पन्नास किलोच्या घरात जाते. नर्मदेच्या काठी जिथे गाडीरस्ता संपल्यावर उतारावरून पाण्यापर्यंत खांद्यावर वाहून न्यावे लागते आणि पाणी जसे उतरेल तशी ती वाट लांबत जाते, तिथे हा दहा-बारा किलोंचा फरक रोज जाणवतो.

दुसरी पायरी: इंजिनाचे वय आणि कुळ ओळखावे

विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षावर अवलंबून राहू नये. होडीला अडकवण्याच्या कंसावर एक धातूची पट्टी किंवा स्टिकर असतो. त्यावरील मॉडेल आणि अनुक्रमांकाचा स्वच्छ फोटो घ्यावा आणि त्यावरून वर्ष काढावे. बहुतेक कंपन्यांचे तक्ते उपलब्ध आहेत. जॉन्सन आणि एव्हिनरूड यांच्या १९८० नंतरच्या इंजिनांची तर एक गमतीदार युक्ती आहे: आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही दहा इंग्रजी अक्षरे अनुक्रमे १ ते ९ आणि ० या अंकांसाठी वापरलेली असतात, आणि मॉडेल क्रमांकातील शेवटच्या अक्षराआधीची दोन अक्षरे वर्ष सांगतात. तिथे 'सीडी' असेल तर ८ आणि ६, म्हणजे इंजिन १९८६ चे.

कुळ ओळखायचे ते सुट्या भागांसाठी. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधले सर्वांत जुन्या नावांपैकी एक. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत इंजिने विकायला सुरुवात केली होती. पण त्या घराण्याची मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर ते नाव दुसऱ्या कंपनीने चालवले आणि २०२० मध्ये उत्पादन कायमचे बंद झाले. याउलट यामाहा १९६० पासून आउटबोर्ड बनवते, आणि तिची साधी टू-स्ट्रोक इंजिने आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांकडे इतकी पसरलेली आहेत की त्यांचे भाग मुंबईत किंवा त्याहून खाली रत्नागिरीकडे मिळण्याची आशा धरता येते. सुझुकी आणि तोहात्सु यांचेही तसे बरे आहे. शिवाय मर्क्युरीची अनेक लहान इंजिने तोहात्सुच्याच घडणीची असल्याने एकाचे भाग दुसऱ्याला चालतात. माझे मत थोडक्यात असे की ज्या इंजिनाचा पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा एका फोनवर कुरिअरने मागवता येत नाही, ते इंजिन कितीही कोरे असले तरी खान्देशात राहणाऱ्याने घेऊ नये.

किनाऱ्यावरून आलेल्या इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. काही मॉडेले रॉकेलवर चालण्यासाठी बनवलेली असतात. ती पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घेतात. आपल्याकडे रॉकेल मिळवणे हीच एक कसरत असल्याने असे इंजिन स्वस्त दिसले तरी सोडून द्यावे.

तिसरी पायरी: ते खरोखर कोरे आहे का?

याचा पुरावा इंजिनाच्या अंगावरच असतो. होडीला कसून बसवण्याचे जे दोन आवळ स्क्रू असतात त्यांच्या चकत्यांवर आणि कंसाच्या आतल्या बाजूवर लाकडाचे किंवा पत्र्याचे ओरखडे आहेत का ते पाहावे. एकदा जरी इंजिन होडीवर चढले असेल तरी तिथला रंग खरचटतो. सर्वांत खालच्या पातळ पात्याची धार आणि पंख्याच्या पाकळ्यांच्या कडा यांवरील रंग अखंड असावा. ज्या इंजिनांत धूर पंख्याच्या मध्यातून बाहेर पडतो, त्यांत बोट घालून पाहावे. किंचित काजळी आढळली तर घाबरू नये, कारण कारखान्यात इंजिन थोडा वेळ चालवून पाहिलेले असते. पण बोट काळे कुळकुळीत तेलकट झाले तर "कोरे" हा शब्द खोडून टाकावा. गंज शोषून घेण्यासाठी लावलेला धातूचा बळीचा तुकडा, म्हणजे अॅनोड, कडा जशाच्या तशा असलेला हवा. वरचे झाकण काढून बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने सोललेला आहे का तेही पाहावे.

चौथी पायरी: काळाने काय खाल्ले ते पाहावे

इथे घाई करू नये. शक्य असल्यास सोबत टू-स्ट्रोक जाणणारा मिस्त्री न्यावा. आउटबोर्ड त्याने आयुष्यात पाहिलेले नसले तरी चालेल. राजदूत, येझदी आणि लुना यांवर हात बसलेले जुने मिस्त्री धुळे-जळगावात अजून आहेत. कार्बोरेटर, प्लग आणि क्रँकचे सील ही त्यांची रोजची भाषा होती आणि लहान आउटबोर्डचे डोके त्यांना परके वाटत नाही.

आधी प्लग काढावेत. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि विक्रेता थांबायला तयार असेल तर ते रात्रभर मुरू द्यावे. मग सुरू करण्याची दोरी न ओढता वरचे चाक हाताने सावकाश फिरवावे, तेही इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने. उलटे फिरवल्यास पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्या उलट्या दुमडतात. चाक एकसारखे फिरले पाहिजे. कुठे खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंगवर गंज आहे असे समजावे आणि सौद्यातून बाहेर पडावे. चाक अजिबात फिरत नसेल तर विक्रेता "जरा तेल टाकलं की सुटंल" म्हणेल. सुटेलही. पण सुटलेल्या इंजिनाच्या रिंगांनी सिलिंडर ओरबाडलेला असू शकतो, आणि मग तुम्ही कोरे इंजिन घेतलेले नसते.

चाक मोकळे असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडचे गेज बहुधा याही प्लगच्या आट्यांत बसते. दोन सिलिंडर असतील तर दोघांतला फरक दहा टक्क्यांहून अधिक नसावा. मोजताना प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनला धक्का बसू शकतो, आणि इंजिनाचा खालचा भाग पाण्यात असावा. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत दोरी हलकी ओढली जावी म्हणून सुरुवातीला दाब सोडण्याची सोय असते. तिथे आकडा कमी दिसला म्हणून इंजिनाला दोष देऊ नये.

त्यानंतर रबर. पाण्याच्या पंपातील रबरी पंखा वर्षानुवर्षे एकाच स्थितीत दुमडून बसलेला असतो आणि त्याच्या पात्या तशाच वाकड्या राहून जातात. तो दिसायला चांगला असला तरी बदलायचाच आहे, म्हणून त्याची किंमत आपल्या हिशेबात आधीच धरावी. इंधनाची नळी, तिच्यावरचा हाताने दाबायचा फुगा, इंधन पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधील गॅस्केटे आणि सुई यांचेही तेच. नळी बोटांत वाकवून पाहावी. तडे दिसले तर पुढचे सांगायला नको.

सर्वांत खर्चिक रबर मात्र नजरेला पडत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना सील असतात. ते कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते, इंधनाचे मिश्रण पातळ होते, त्यातले तेलही कमी पडते आणि पिस्टन तापून चिकटतो. इंजिन सुरू झाल्यावर मंद गतीवर ते आपोआप वर-खाली होत राहिले, कार्बोरेटर साफ करूनही स्थिर झाले नाही, तर या सीलांवर पहिला संशय घ्यावा. गोदामात बाहेरून सुंदर दिसणाऱ्या इंजिनाचा घात बहुतेक वेळा इथेच होतो, आणि वीस वर्षांच्या वर वय असेल तर मी हे सील बदलण्याची मजुरी किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करतो.

खालच्या गिअर पेटीचा तळाचा स्क्रू सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्यावे. ते पारदर्शक, मधासारखे असावे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, आणि पाणी शिरले असेल तर इंजिन पाण्यात गेले होते. पंखा हाताने फिरवत गिअर पुढे, मध्ये आणि मागे टाकून पाहावा. शेवटी इंजिन डावी-उजवीकडे वळवून पाहावे. आपल्या उन्हाळ्यात वळणाच्या दांड्यातले ग्रीस इतके वाळते की दोन माणसांनी जोर लावला तरी इंजिन वळत नाही. हा दोष भयंकर वाटतो, पण उष्णता, पातळ तेल आणि संयम यांनी बहुधा सुटतो. विक्रेत्याला मात्र हे सांगण्याची गरज नाही.

दोन गोष्टी आउटबोर्डच्या पुस्तकात नसतात, पण आपल्याकडे असतात. एक, उंदीर, झाकणाखालच्या वायरी कुरतडलेल्या आहेत का ते पाहावे. दुसरी, कुंभारीण माशी. तिला पाणी आत जाण्याची जाळी, पाणी बाहेर पडण्याचे बारीक भोक आणि धुराची वाट या तिन्ही जागा घरट्यासाठी फार आवडतात. वाळलेल्या मातीचा तो गोळा पहिल्याच दिवशी इंजिन तापवू शकतो. बारीक तारेने भोके मोकळी करून घ्यावीत.

फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर टायमिंग बेल्टचे वय तासांत नव्हे, वर्षांत मोजावे आणि तो बदलावा. इंजिन ऑइलही बदलावे. बाकी तपासणी सारखीच.

पाचवी पायरी: विक्रेत्याला कोरडे चालवू देऊ नये

हे मी स्वतः भोगलेले आहे. आठ अश्वशक्तीचे, खोक्यातले इंजिन पाहायला गेलो असता विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने ते लाकडी घोड्यावर टांगले, पेट्रोल ओतले आणि मी काही बोलायच्या आत दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झाले. आम्ही दोघेही खूश होऊन मिनिटभर त्याचा आवाज ऐकत उभे राहिलो. घरी आणल्यावर पाण्यात उतरवले तेव्हा बाजूच्या भोकातून येणारी पाण्याची पिचकारी आलीच नाही, कारण रबरी पंख्याच्या पात्या त्या एका मिनिटात जळून तुटल्या होत्या आणि त्यांचे तुकडे वर थंड करण्याच्या वाटेत अडकले होते. पंखा बदलणे तासाभराचे काम होते. तुकडे शोधायला दोन दिवस गेले.

या इंजिनांना रेडिएटर नसतो. नदीचे पाणीच आत ओढून ती थंड होतात आणि पंपाचा रबरी पंखाही त्याच पाण्याने ओला राहतो. म्हणून पाण्याबाहेर ते सुरू करणे म्हणजे काही सेकंदांत रबर जाळणे. चालू करून दाखवायचेच असेल तर खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात असला पाहिजे, आणि तरीही जुन्या रबरी पंख्यावर पिंपातसुद्धा ते न चालवणेच बरे. सौदा करण्यापुरते मला कॉम्प्रेशन, प्लगला येणारी ठिणगी आणि गिअर पेटीचे तेल एवढे पुरते.

सहावी पायरी: कागद आणि किंमत

मूळ पावती मागावी. जपानी किंवा अमेरिकी इंजिन परदेशातून आलेले असल्यास आयातीचा कागद, ज्याला बिल ऑफ एन्ट्री म्हणतात, त्याची प्रत विक्रेत्याकडे आहे का ते विचारावे. काही बनावटींत अनुक्रमांक कंसाप्रमाणेच इंजिनाच्या ब्लॉकवरील गोल बुचावरही कोरलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या पावतीवर ती संपलेली धरावी. विक्रेता कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी असून आज नवी पावती देत असेल तरच वॉरंटीबद्दल लेखी विचारावे.

यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या होड्यांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम लागू होतो, आणि महाराष्ट्रात त्याच्या अंमलबजावणीचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. धरणाचे पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. आपल्या होडीला आणि आपल्या जलाशयाला काय लागते हे इंजिन घेण्याआधी विचारून घ्यावे, कारण परवानगी नसलेले इंजिन घरात शोभेचे होऊन बसते.

किंमत ठरवताना मी आज तशाच नव्या इंजिनाची किंमत घेतो, तिच्या निम्म्यावर येतो आणि त्यातून पाण्याच्या पंपाचा संच, कार्बोरेटरचा संच, इंधनाची नळी, प्लग, गिअर तेल, सील आणि मिस्त्रीची मजुरी वजा करतो. विक्रेत्याला हे अपमानास्पद वाटते, कारण त्याच्या मते तो नवी वस्तू विकत आहे. त्याला यादी शांतपणे वाचून दाखवावी. कंपनी बंद पडलेली असेल तर आणखी खाली यावे.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

पाण्याच्या पंपाचा पंखा, इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलल्याशिवाय दोरीला हात लावू नये. कार्बोरेटर उघडून स्वच्छ करावा. कारखान्यातील चाचणीचे थोडेसे पेट्रोल आत वाळून त्याचा पिवळसर डिंक झालेला असतो आणि तो सर्वांत बारीक भोकात बसतो. गिअर तेल नवे भरावे. ते खालच्या भोकातून वर चढवत भरायचे असते, म्हणजे आत हवा राहत नाही. अॅनोड जस्ताचा असेल तर तो काढून मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा लावावा. जस्त समुद्रासाठी ठीक आहे. तापी-नर्मदेच्या गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि ते काम करेनासे होते. अॅनोडला कधीही रंग लावू नये.

पेट्रोलबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळते. वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ होते आणि त्याचे कण कार्बोरेटरमध्ये जातात. म्हणून नव्या नळ्या घेताना त्या इथेनॉल सहन करणाऱ्या आहेत हे विचारूनच घ्याव्यात. इथेनॉल हवेतील पाणीही ओढते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोकमध्ये तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, त्यामुळे तळातून ओढले जाणारे ते पाणचट मिश्रण इंजिनाला वंगणाशिवाय चालवते. पावसाळ्यात होडीवर उघडी टाकी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावे. पेट्रोल आणायला धातूचा कॅन न्यावा. प्लास्टिकच्या बाटलीत पंपवाले देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

तेल टीसीडब्ल्यू-३ दर्जाचे, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे घ्यावे. मोटारसायकलचे टू-टी तेल इथे चालत नाही. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत असते. साधारणपणे ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिली. आणि पहिल्या दहा तासांसाठी त्याच्या दुप्पट, म्हणजे लिटरला ४० मिली. दहा लिटरच्या टाकीत पहिल्यांदा ४०० मिली तेल पडेल. जुन्या काही मॉडेलांवर १००:१ लिहिलेले असते. कोऱ्या इंजिनाच्या सुरुवातीला ते प्रमाण कधीही वापरू नये.

पहिल्यांदा सुरू करण्यासाठी दोनशे लिटरचे पिंप घ्यावे, त्याच्या काठाला जाड फळी पक्की बोल्टने बसवावी आणि तिच्यावर इंजिन अडकवावे. लांब शाफ्टचे इंजिन असेल तर फळी उंच बांधावी, म्हणजे पंखा तळाला टेकणार नाही. पाणी पंख्यावरच्या चपट्या पट्टीच्या वर हवे. शेतात हौद असेल तर तो अधिक सोयीचा. रावेर-यावलकडे केळीच्या बागांना असे हौद आणि शेततळी पुष्कळ असतात. गिअर मध्ये ठेवावा, जागा उघडी असावी. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी आली पाहिजे. न आल्यास ताबडतोब बंद करावे आणि भोक तारेने तपासावे. पहिली दहा मिनिटे धूर पुष्कळ निघेल, तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा असतो.

आठवी पायरी: पहिले दहा तास

कोऱ्या इंजिनाच्या रिंगा सिलिंडरला बसायच्या असतात, आणि ते पिंपात नव्हे तर होडीवर, भाराखाली होते. पहिली दहा मिनिटे अगदी मंद चालवावे. पहिल्या तासात अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नये. दुसऱ्या तासात मधून मधून मिनिटभर पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा खाली आणावे. उरलेल्या आठ तासांत सलग पाच मिनिटांहून अधिक पूर्ण जोर लावू नये. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

हे दहा तास पावसाळ्याच्या गढूळ तापीत काढू नयेत. आपल्या काळ्या मातीचा गाळ पाण्याबरोबर पंपात जातो आणि नवा रबरी पंखा घासतो. नोव्हेंबर-डिसेंबरातील निवळलेले, भरलेले पाणी उत्तम. जलपर्णीच्या पट्ट्यातून जाताना इंजिन बंद करून वल्ह्याने पार व्हावे. पानांनी जाळी बुजली की पिचकारी बारीक होते आणि हाच पहिला इशारा असतो. बुडालेल्या झाडांच्या भागात सावकाश जावे. जुन्या लहान इंजिनांत पंखा एका बारीक पिनेवर असतो. खुंटाला आदळला की पिन तुटते आणि गिअर वाचतात. अशा चार पिना, पक्कड आणि एक प्लग पाना नेहमी होडीत ठेवावा. इंजिन बंद करण्याच्या बटणाला जोडलेली दोरी मनगटाला अडकवलेली असावी आणि अंगात लाइफ जॅकेट असावे. किनाऱ्यापासून लांब, एकट्याने होडी चालवणाऱ्या माणसाला पाण्यात पडल्यावर आपलीच होडी पुढे जाताना पाहण्याची वेळ येऊ नये.

दहा तास झाले की गिअर तेल पुन्हा एकदा काढून पाहावे. त्यात बारीक चंदेरी भुकटी दिसली तर ती नव्या दात्यांची असते. तुकडे दिसले तर मिस्त्रीकडे न्यावे. आणि उन्हाळ्यात होडी ओढून काठावर घ्याल त्या दिवशी इंधनाची नळी काढून इंजिन पिंपात आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, कार्बोरेटर रिकामा करावा, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून चाक दोनदा फिरवावे आणि इंजिन पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरातल्या सावलीत, उभे टांगून ठेवावे. बाजूच्या भोकाला कापडाचा बोळा लावावा, नाहीतर जूनपर्यंत कुंभारीण तिथे पुन्हा घर बांधून बसलेली असेल.